एकच लांबलचक उड्डाण की मध्ये एक थांबा? इकॉनॉमीत बसणाऱ्यांसाठी

बारा तासांहून लांबचा प्रवास इकॉनॉमीतून करायचा म्हटलं की तिकिटं शोधताना दोन गट समोर येतात. एका गटात १४-१५ तासांचं नॉनस्टॉप विमान, बहुतेक वेळा थोडं महाग. दुसऱ्यात मध्ये एखाद्या मोठ्या हबवर, म्हणजे जिथे प्रवासी विमान बदलतात अशा विमानतळावर, उतरून दुसरं विमान पकडायचं. एकूण वेळ १८ ते २२ तास, पण पैसे वाचतात. मी दोन्ही प्रकारांनी फिरलोय. कुठली एअरलाइन चांगली हा वाद इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. दोन बऱ्यापैकी एअरलाइन्सच्या इकॉनॉमीत जेवढा फरक असतो, त्यापेक्षा मोठा फरक या दोन प्रकारांत आहे, असं माझं मत झालंय.

आधी नॉनस्टॉपच्या विरोधातलं बोलू, कारण लोकांना त्याची जी धास्ती वाटते ती काही उगाच नाही. सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर ते न्यूयॉर्क ही जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी एक, साधारण १८ तासांची. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर विमानात १६१ सीट आहेत: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी त्यात नाहीच. उलट क्वांटास मार्च २०१८ पासून पर्थहून लंडनला सतराएक तासांचं नॉनस्टॉप नेते, त्यात इकॉनॉमी आहे. हीच कंपनी सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्कला थेट जाण्यासाठी जी ए३५०-१००० विमानं बनवून घेतेय, त्यांत फक्त २३८ सीट ठेवल्या आहेत. त्यातल्या इकॉनॉमीच्या १४०, पुढच्या-मागच्या सीटमधलं अंतर ३३ इंच, आणि उभं राहून हातपाय ताणायला वेगळी जागा. एवढी सोय करावी लागते म्हणजे १५ तासांपुढे शरीर कुरकुरायला लागतं, हे कंपन्यांनाही माहीत आहे.

माझं शरीर दहाव्या तासाच्या आसपास कुरकुरतं. कसंही बसलं तरी काहीतरी चुकतंय असं वाटतं, पाय कुठे ठेवावेत कळत नाही, आणि स्क्रीनवरचं चिमुकलं विमान जागचं हलत नाही. मी उठतो, मागच्या गॅलीपाशी (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरापाशी) जाऊन जरा वेळ उभा राहतो, पाणी पितो. तासाभरात ते ओसरतं. सगळ्यांचं ओसरतच असेल असं नाही. सहा फुटांच्या वर उंची असेल किंवा गुडघे आधीच दुखरे असतील तर माझ्या अनुभवावर फार विसंबू नका.

थांब्याचा फायदा नेमका इथेच आहे. सात-आठ तासांनी खाली उतरता येतं, लांबच्या लांब चालता येतं, आरशासमोर निवांत दात घासता येतात. पहिल्या विमानात शेजारी पसरून बसणारा मिळाला असला तर तोही बदलतो. लहान मुलं बरोबर असतील तर हे सगळं दुप्पट मोलाचं. माझ्या ओळखीतले दोन मुलांचे आईबाप थांब्याशिवाय तिकीटच काढत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

रक्ताच्या गुठळीची भीती मात्र थांब्याच्या बाजूने वापरली जाते तेव्हा जरा सावकाश घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात असं होतं की चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसाच्या बाबतीत तो सुमारे ६,००० त एक इतका कमी राहतो. त्याच अहवालात हेही होतं की थोड्या दिवसांत एकापाठोपाठ अनेक उड्डाणं केली तरी धोका वाढतो. म्हणजे सात आणि आठ तासांचे दोन तुकडे केले म्हणून सुटका झाली असं नाही. दोन्हीकडे उठून फिरावं लागतंच. ज्यांना आधीपासून काही त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

आता विमानांविषयी. सीटची रुंदी वगैरे तुम्ही बघतच असाल. बोइंगच्या ७७७ मध्ये पूर्वी एका ओळीत ९ सीट असायच्या, आता बऱ्याच कंपन्या १० बसवतात. ७८७ मध्ये जवळजवळ सगळे ३-३-३ लावतात. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये २-४-२ ठेवलंय, म्हणून दोघांनी मिळून जाणाऱ्यांना ते लाडकं वाटतं. मुद्दा एवढाच की थांब्याच्या तिकिटात दोन विमानं तपासावी लागतात आणि आपण बहुधा मोठ्या टप्प्याचंच बघतो. दुसरा टप्पा एकाच आयलच्या, म्हणजे सीटमधून चालायला एकच वाट असलेल्या, विमानाचाही निघू शकतो. ए३२१ एक्सएलआरसारखी विमानं आता ८,७०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे अरुंद विमानात आठ तास हा प्रकार वाढत जाणार.

नॉनस्टॉपला साधारणपणे ७८७, ए३५० किंवा ७७७ येतं. त्यातल्या पहिल्या दोघांत केबिनमधली हवा ६,००० फूट उंचीवर असते तशी ठेवतात. जुन्या विमानांत हा आकडा ८,००० पर्यंत जातो. मी काही मोजून पाहिलेलं नाही, पण या दोन विमानांतून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं कमी जड असतं असं मला वाटतं. हा मनाचा खेळही असेल.

कनेक्शन चुकण्याची धाकधूक हा थांब्याविरुद्ध नेहमी मांडला जाणारा मुद्दा. तो मला तितका मोठा वाटत नाही, पण एका अटीवर: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीनं करायची. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम जिथे लागू होतो, तिथे भरपाईसाठी उशीर शेवटच्या ठिकाणी पोचण्यावरून मोजतात, पहिल्या टप्प्यावरून नाही. थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही. किमान किती वेळात विमान बदलता येतं तेही विमानतळागणिक बदलतं. व्हिएन्नाला अवघी २५ मिनिटं पुरेशी धरतात. अमेरिकेत मात्र पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं आणि बहुतेक वेळा बॅगही उचलून परत द्यावी लागते. शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, पासपोर्टची तपासणी पहिल्या थांब्यावर होते, अंतिम ठिकाणी नाही. तुमच्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे पैसे भरायच्या आधीच बघून ठेवा.

पण मला नॉनस्टॉपकडे ढकललं ते यातल्या कशानेही नाही. ते केलं केबिनच्या दिव्यांनी.

कुठलंही लांबचं उड्डाण घ्या, त्याचा क्रम ठरलेला. विमान वर गेलं की पेयं, मग जेवण, मग ट्रे गोळा करणं. यात दीड-दोन तास जातात आणि तोवर दिवे चालू असतात. उतरायच्या आधी पुन्हा तेच, दोन तास आधीपासून. याचा विमान किती लांब जाणार आहे याच्याशी फारसा संबंध नाही. सात तासांचं असो की पंधरा तासांचं, सुरुवातीचे आणि शेवटचे मिळून साडेतीन-चार तास उजेडातच जातात.

आता वजाबाकी करा. पंधरा तासांच्या विमानात मध्ये अकराएक तासांचा अखंड अंधार उरतो. सात आणि आठ तासांच्या दोन विमानांत तीन आणि चार तास, तेही वेगवेगळे, आणि त्यांच्यामध्ये एक झगमगीत विमानतळ. बेरीज सात तासांची भरते खरी, पण विमानात बसल्या बसल्या झोप लागायला मला तासभर तरी लागतो. म्हणजे पहिल्या टप्प्यात डोळा नीट लागतो न लागतो, तोच छतावर फिकट नारिंगी उजेड पसरायला लागतो. मग तो गुलाबी होतो, मग पांढरा. हे रंग हळूहळू बदलतात म्हणून प्रवाशाला पहाट झाल्यासारखं वाटावं अशी त्यामागची कल्पना आहे. घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असतात.

त्यानंतर घोषणा. दोन भाषांत, कधी तीन. खिडक्यांच्या झडपा वर करा, सीट सरळ करा. नाश्त्याचा ट्रे येतो, आणि जेवून चारच तास झालेले असल्याने तो कोणालाच नको असतो, तरी सगळे खातात. मीही खातो. मग पांघरूण आणि हेडफोन गोळा करायला कोणीतरी येतं. उतरायला अजून अर्धा-पाऊण तास असताना हेडफोन का नेतात ते मला माहीत आहे, क्रूला मोजून, आवरून ठेवायचे असतात. तरी सिनेमाची शेवटची वीस मिनिटं नेहमी त्यातच जातात. आता मी स्वतःचे वायरवाले हेडफोन नेतो.

आणि एवढ्यावर संपत नाही. बहुतेक हबवर ट्रान्झिट प्रवाशांची पुन्हा सिक्युरिटी होते. हबचं वेळापत्रकच असं असतं की विमानं लाटेसारखी एकदम येतात आणि दोन-तीन तासांनी एकदम सुटतात, म्हणजे कनेक्शन्स जुळतात. त्यामुळे अर्धवट झोपेतून उठवलेले दहा-बारा विमानांतले लोक एकाच वेळी त्याच रांगेत येतात. बेल्ट काढा, लॅपटॉप बाहेर काढा, विमानात भरून घेतलेली पाण्याची बाटली ओता. पहिल्या विमानतळावर ड्युटी फ्रीमधून घेतलेली बाटली १०० मिलिलीटरहून मोठी असेल आणि तिची सीलबंद पिशवी तुम्ही विमानात फाडली असेल, तर बऱ्याच ठिकाणी तीही गेली. मग पुढच्या विमानात बसायचं, आणि तिथे पुन्हा पेयं, जेवण, ट्रे, दिवे.

एकदा अशाच थांब्यानंतर दुसऱ्या टप्प्यात माझ्यासमोर आलेलं जेवण रात्रीचं होतं की दुपारचं, हे मला शेजाऱ्याला विचारावं लागलं. त्यालाही सांगता आलं नाही.

नॉनस्टॉपमध्ये मी खूप छान झोपतो असा दावा नाही. इकॉनॉमीत खूप छान कोणीच झोपत नाही. पण दोनदा जाग आली तरी बाहेर अजून अंधारच असतो, मान दुसरीकडे टाकून पुन्हा डोळे मिटता येतात. मधल्या तासांत क्रू पाणी घेऊन हळूच फिरतो, कोणाला भूक लागली तर गॅलीत काहीतरी ठेवलेलं असतं, पण कोणी उठवत नाही. पहिले चार तास गेले, मग पाच, मग थोडी जाग, मग आणखी दोन. उतरल्यावर त्या दिवशी मी काही काम करू शकतो. थांब्याच्या प्रवासानंतर तो दिवस माझ्यासाठी फुकट जातो, आणि तिकिटातली बचत मी त्या दिवसाच्या नावे लिहितो.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर हे एकांगी होईल. तुम्हाला विमानात मुळीच झोप येत नसेल, काहीही केलं तरी येत नसेल, तर माझा हा सगळा हिशेब तुमच्या कामाचा नाही. मग अकरा तासांचा अंधार ही शिक्षा होऊन बसते आणि मध्ये उतरून पाय मोकळे करणं हेच शहाणपणाचं. तसंच नॉनस्टॉपमध्ये मधली सीट मिळणार असेल तर तिकडे जाऊ नका, असं मी म्हणेन. पंधरा तास दोघांच्या मध्ये अडकण्यापेक्षा सात तास दोनदा अडकणं बरं. आयल की खिडकी हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग. झोपणाऱ्याने खिडकी घ्यावी, डोकं टेकायला भिंत मिळते आणि झडपेची चावी आपल्या हातात राहते. फार पाणी पिणाऱ्याने आयल. सीट निवडायला पैसे लागत असतील तर ते मी नॉनस्टॉपसाठी भरतो, थांब्याच्या तिकिटासाठी सहसा नाही.

दिवसा निघणाऱ्या विमानांना हा न्याय लागू करू नका. सकाळी दहाला सुटून घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पोचणारं विमान असेल तर झोपेचा प्रश्नच नसतो. पश्चिमेला जाताना सूर्याच्या मागे मागे गेल्यामुळे दिवस आणखी लांबतो आणि वरच्या वाऱ्याच्या उलट जायचं असल्याने उड्डाणालाही जास्त वेळ लागतो. अशा वेळी थांबा असलेलं तिकीट मी खुशाल घेतो. जाताना रात्रीचं नॉनस्टॉप आणि येताना दिवसाचं थांब्याचं, असं एकाच कंपनीकडे एकाच तिकिटावर बऱ्याचदा जमतं. शोधताना जाण्याचा आणि येण्याचा प्रकार वेगवेगळा निवडून बघा, किमतीतला फरक अनेकदा वाटतो तेवढा निघत नाही. थांबा घेतलाच तर दीड तासाचा घेऊ नका आणि आठ तासांचाही नको. अडीच ते चार तासांत सिक्युरिटी, चालणं आणि दात घासणं हे सगळं धावपळीशिवाय होतं.