डन्स्ट, लिनक्सवर सूचनांच्या चौकटी दाखवणारा प्रोग्राम: आठ महिने वापरल्यावर

थंडीत पंखा बंद, भर दुपारी दिवा बंद, त्यामुळे विश्रामबागेत लाईट गेलेली मला कळलीच नाही. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या हळदीच्या पट्ट्या भरत होतो आणि लॅपटॉप बंद पडला. बॅटरी १५ टक्क्यांवर आली की ओरडायचं, असं स्क्रिप्टला सांगून ठेवलेलं. ओरडली नाही. लिब्रेऑफिसने बरंचसं परत दिलं, वीसेक ओळी गेल्याच.

राग अर्थातच डन्स्टवर. चार जीबी रॅमला झेपावं म्हणून एक्सएफसीई हा डेस्कटॉप सोडून त्याहून हलक्या आय-थ्रीवर आलो, तेव्हा हा घेतला होता. बससीटीएल या कमांडने पाहिलं तर डी-बसवरचं (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) सूचनांचं नाव एक्सएफसीईच्या जुन्या नोटिफाय-डीने, म्हणजे त्याच्या सूचना दाखवणाऱ्या प्रोग्रामने, अडवलेलं. हे नाव एका वेळी एकालाच मिळतं, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं. म्हणजे इतके दिवस दिसत होत्या त्या चौकटी डन्स्टच्या नव्हत्याच! जुनं पॅकेज उडवलं, नोटिफाय-सेंड कमांडने एक सूचना पाठवून पाहिली, चौकट टपकन आली. झालं, म्हटलं.

कसलं झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मग लक्षात आलं, स्क्रिप्ट हातानं चालवली की चौकट येते, क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवली की, येत नाही. क्रॉन आपल्या लॉगिन सेशनच्या बाहेर चालतो, त्याला डी-बसचा पत्ताच ठाऊक नसतो. स्क्रिप्टच्या डोक्यावर तो पत्ता एक्स्पोर्ट केला, एका ओळीचं काम. डन्स्टला दिलेल्या शिव्या परत घेतो.

पण फॉन्टवरून त्याला सोडणार नाही. मूळ सेटिंग मोनोस्पेस ८. अरे, ८ मध्ये देवनागरी कोण वाचणार? ‘चार्जर लावा’ मधला रफार म्हणजे मुंगीचा पाय. नोटो सान्स देवनागरी १२ केला, तर ओळी मोडायला लागल्या. रुंदी वाढवायला जुनी कॉन्फिग फाईल उचलली, तर डन्स्ट १.७ पासून जॉमेट्रीची, म्हणजे चौकटीचं माप नि जागा सांगणारी, ओळच बदललेली. विड्थ, हाइट, ओरिजिन वेगवेगळं लिहा. अख्खा रविवार गेला. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं बायकोचं मत.

क्रिटिकल, म्हणजे तातडीची, सूचना आपण बंद करेपर्यंत जागची हलत नाही, याचा आधी वैताग यायचा. परवा चहा घेऊन आलो तर चौकटीत कंसात ३, म्हणजे तोच निरोप तीनदा येऊन गेलेला. बॅटरी ९ टक्के. धावत जाऊन चार्जर लावला. नवी बॅटरी दुकानदार सव्वादोन हजार सांगतोय. या दिवाळीला तरी नाही.