डोळ्यांपुरतं न बघणाऱ्या डॉक्टर मॅडम (लहान मुलांचा नेत्रदवाखाना, सात रस्ता, सोलापूर)

ताईच्या बाळाची बुबुळं जन्मल्यापासून काही आठवड्यांतच एका लयीत इकडून तिकडे हलायला लागली. आधी दाखवलं तिथे "मोठा झाला की थांबेल" एवढंच ऐकायला मिळालं. मग कुणीतरी हा दवाखाना सुचवला.

मॅडमनी थेंब घालून पडदा आणि डोळ्याची नस तपासली. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. बाळाला उचलून मान धरतो का ते पाहिलं, श्वासाला घरघर आहे का विचारलं. मग आमच्या आईकडे वळून, "तुमच्या माहेरी किंवा तुमच्या मुलांत असा कुणी मुलगा होता का?" आईनं आमच्या भावाचं सांगितलं. तो कधी बसू शकला नाही, लहानपणीच गेला. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता.

पुढे ईआरजी (पडद्याचं काम तपासणारी) आणि व्हीईपी (डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोचतो ते मोजणारी) तपासणी झाली. पडदा चांगला, पण डोळ्याचा निरोप मेंदूला उशिरा पोचतो. म्हणजे नसांवरचं मायलिनचं आवरण नीट तयार होत नसावं. पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआय आणि जनुक तपासणीत पेलिझायस-मर्झबाखर हा मायलिन नीट तयार न होण्याचा आजार निघाला. पीएलपी१ जनुकाची एक प्रत जास्त. मायलिनच्या दुसऱ्या आजारांहून हा वेगळा कसा, म्हणजे क्रॅबे आजारात बाळ फार किरकिरं होतं, कॅनव्हान आजारात डोकं वाढत जातं, हेही मॅडमनी समजावलं. यावर आज बरं करणारं औषध नाही. डोळ्यांची हालचाल वयानं कमी होऊ शकते, पण त्यावरून आजार गेला असं धरू नका, हे त्यांनी ताईचा हात धरून सांगितलं.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के. माझं लग्न ठरतंय, म्हणून मलाही तपासणीची चिठ्ठी दिली, तीही आईवर दोष न ठेवता. त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

तक्रार आहे ती जिन्याची. लिफ्ट नाही, आणि अंग सैल पडणारं बाळ घेऊन चढणं फार अवघड जातं. टीव्हीचा आवाजही कमी करायला हवा.

जाताना बाळाच्या हलणाऱ्या डोळ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. नंबर येईपर्यंत बाळ झोपलं तर तोच कामी येतो.