ल्युसर्नला टूरवाले पाऊण तास देतात, तुम्ही अख्खा दिवस द्या

मागे ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला गेले होते तेव्हा ल्युसर्न शहर म्हणजे लाकडी पूल, दगडातल्या सिंहासमोर फोटो, चॉकलेटची दुकानं आणि पाऊण तासात परत बसमध्ये, चला टिटलिसच्या बर्फाच्या डोंगरावर. तेव्हापासून मनात राहून गेलं होतं, म्हणून यंदा बाबांना घेऊन आपलं आपण गेलो आणि एक दिवस फक्त शहरासाठी ठेवला.

सगळ्यात आधी सांगते ते बोर्बाकी पॅनोरामा. सिंहाच्या स्मारकापासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे तरी आपले लोक तिकडे फिरकतच नाहीत. वर गेलं की आपल्या चारी बाजूंनी एकच गोल चित्र, ११२ मीटर लांब आणि १० मीटर उंच, १८८१ सालचं. १८७१ च्या हिवाळ्यात जनरल बोर्बाकीच्या हरलेल्या फ्रेंच सैन्याचे ८७ हजार सैनिक बर्फातून स्वित्झर्लंडमध्ये आले, सीमेवर बंदुका टाकल्या आणि इथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, तो प्रसंग. चित्रकार एदुआर्द कास्त्र तेव्हा स्वतः रेड क्रॉसच्या पथकात होता, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं काढलंय, आणि ते कळतं हो. चित्रापुढे खरा रेल्वेचा डबा आणि माणसांचे पुतळे असे मांडलेत की चित्र कुठे सुरू होतं तेच समजत नाही. बाबांना एरवी म्युझियम म्हटलं की कंटाळा, इथून तासभर हलेनात, खाली आल्यावरही बराच वेळ गप्प होते.

सिंह १८२१ चा, पॅरिसमध्ये १७९२ साली मारल्या गेलेल्या स्विस गार्डांसाठी, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या पहाऱ्यावरच्या स्विस सैनिकांसाठी, कातळात कोरलेला. सकाळी लवकर जा, नंतर बसेस येतात आणि मग त्याच्या चेहऱ्यावरची वेदना शांतपणे बघता येत नाही.

जुने लाकडी पूल दोन आहेत बरं का. कापेलब्रुकं सगळे बघतात, १९९३ च्या आगीत त्यातली बरीच जुनी चित्रं जळाली. मला जास्त आवडला तो पुढचा श्प्रोयर पूल, छताखाली सतराव्या शतकातली चित्रं, सगळ्यांत मृत्यू सांगाड्याच्या रूपात, राजा असो की नवरी, कोणालाच सोडत नाही. मान वर करून बघत जायचं. आणि फुकट.

रोझेनगार्ट म्युझियममध्ये पिकासोची चित्रं आणि खाली तळघरात पाउल क्ले या चित्रकाराची. क्लेची छोटी छोटी चित्रं फार आवडली. स्विस ट्रॅव्हल पास होता म्हणून इथे आणि पॅनोरामाला वेगळं तिकीट लागलं नाही, पास नसेल तर दोन्ही मिळून खर्च बऱ्यापैकी होतो आणि दोन्हींतलं एकच परवडत असेल तर पॅनोरामा बघा. वाहतुकीचं मोठं म्युझियम आम्ही सोडलं, मुलं बरोबर असतील तर त्याला वेगळा अर्धा दिवस लागेल.

संध्याकाळी मुसेगच्या तटबंदीवर चढलो. तिथे झिट टॉवरवर १५३५ चं घड्याळ आहे, ते गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी वाजतं, तो मान त्याचाच. हिवाळ्यात बुरूज बंद असतात तेवढं बघून जा, आणि वेळ अशी धरा की ठोके पडताना तुम्ही वरच असाल.