एअर फ्रायर आणि मधातली गाजरं: चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू चिप्स-बिप्सचा नाहीये. एअर फ्रायर म्हटलं की जो तो चिप्स नाहीतर चिकन करून दाखवतो आणि ते त्यात बरं होतंच, त्यात काय एवढं. मला तो हवा होता भाज्यांसाठी. म्हणजे गॅसवर मुख्य जेवण चालू आहे, दोन्ही हात अडकलेत, आणि तेवढ्यात बाजूला पंधरा-वीस मिनिटांत एक गोडसर, चकचकीत, कडेला जरा खरपूस झालेली भाजी आपली आपण होऊन जावी, एवढीच अपेक्षा. तर गेले चार महिने आठवड्यातून दोनदा तरी मी ह्या मशीनमध्ये मधातली गाजरं करतेय आणि जे काय बरंवाईट मत झालंय ते त्यावरूनच झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकतर खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे ह्या साइजचे बहुतेक फ्रायर आतून सारखेच असतात: साधारण ४ लिटरचा ड्रॉवर, त्यात जाळीची बास्केट, १५०० वॉट, ८० ते २०० डिग्री, आणि पुढे एक डिस्प्ले ज्यावर मासा, कोंबडी वगैरेची चित्रं असतात. ती चित्रं मी आजवर एकदाही दाबलेली नाहीत.

पहिल्या दिवशीचा किस्सा सांगायलाच हवा. सोबतच्या पुस्तिकेत 'हनी ग्लेझ्ड कॅरट्स'चं अख्खं पान होतं, फोटो तर असा की बस. लिहिलेलं काय, तर गाजरं, मध, बटर, मीठ सगळं एकत्र कालवा, बास्केटमध्ये टाका, २०० डिग्री, १८ मिनिटं. मी आज्ञाधारक, तसंच केलं. नवव्या मिनिटाला मस्त वास आला, म्हटलं वा. अकराव्या मिनिटाला तोच वास जरा जास्तच यायला लागला, आणि बघते तर मागच्या जाळीतून निळसर धूर. ड्रॉवर ओढला तर गाजरं बाहेरून कोळसा आणि सुरी टोचली तर आतून कच्च! खालच्या ट्रेमध्ये मध उकळून त्याचा काळा चिकट थर झालेला, तो वेगळाच. बाहेरून नवरा ओरडला, "काय जाळलंस गं?" आणि मी मोठ्या आवाजात "काही नाही!" म्हणून खिडकी उघडली.

ताईला फोन केला तर ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "अगं बाई, मध सुरुवातीला घालतात का कधी? तो शेवटच्या तीन मिनिटांचा पाहुणा." बास, ह्या एका वाक्याने माझं काम झालं, पुस्तिकेच्या चाळीस पानांनी झालं नाही ते.

पण हे असं का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं, कारण एकदा कळलं की कुठलीही भाजी करता येते. एअर फ्रायर म्हणजे काही तळायचं यंत्र नाही, नाव उगाच दिलंय. २०१० मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात हे नाव बाजारात आणलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच, पण खरं तर हा छोटा, जोरात पंखा फिरणारा ओव्हन आहे. वर कॉइल, कॉइलपाशी पंखा, आणि गरम हवा पदार्थाभोवती सतत घुमत राहते. डबा छोटा असल्यामुळे ती हवा मोठ्या ओव्हनपेक्षा फार लवकर तापते आणि भाजीच्या अंगावरचं पाणी झटकन उडवते. आता गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणी. आतला कडकपणा जायला, म्हणजे पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला, गाजर आतपर्यंत ८५ डिग्रीच्या वर काही मिनिटं राहायला हवं. आणि मध? मधात साधारण १७-१८ टक्के पाणी सोडलं तर बाकी बहुतेक सगळी साखरच, आणि तीत सगळ्यात जास्त फ्रुक्टोज, जी ११० डिग्रीच्या आसपासच रंग धरायला लागते. नेहमीच्या साखरेला त्यासाठी १६० च्या वर जावं लागतं. म्हणजे एकाच बास्केटमध्ये एकाला शिजायला बारा मिनिटं हवीत आणि दुसरा तीन मिनिटांत तयार, चौथ्या-पाचव्या मिनिटाला कडू. दोघांना एकत्र आत पाठवलं तर होणार काय? माझ्या पहिल्या दिवशी जे झालं ते.

तर आता माझी पद्धत. अर्धा किलो गाजरं, सोलून, धुऊन, आणि हे महत्त्वाचं, फडक्याने कोरडी करून. ओली टाकली की पहिली पाच मिनिटं नुसती वाफ होते आणि गाजरं भाजायच्या ऐवजी उकडल्यासारखी लिबलिबीत होतात. गाजर वर जाड आणि खाली शेपटी, त्यामुळे गोल चकत्या करायच्या भानगडीत पडू नका, जाड भागाचे उभे चार तुकडे, बारीक भागाचे दोन, सगळे साधारण बोटाएवढे जाड. पॅकेटमधली बेबी कॅरट्स घेतली तरी चालतात, कापायचं काम वाचतं. (ती लहान गाजरं नसतातच बरं का, मोठ्या गाजरांचे कापून घासून गुळगुळीत केलेले तुकडे असतात. कॅलिफोर्नियातल्या माइक युरोसेक नावाच्या शेतकऱ्याने १९८६ मध्ये वाकडीतिकडी गाजरं फेकून द्यावी लागतात म्हणून ही आयडिया काढली. मला कळलं तेव्हा मी लेकीला सांगितलं आणि तिला फसवल्यासारखं वाटलं.) मात्र त्यांना चव जरा कमी असते हे माझं मत.

ह्यांना एक चमचा तेल आणि मीठ चोळायचं, बस. १८० डिग्री, बारा मिनिटं, सहाव्या-सातव्या मिनिटाला ड्रॉवर ओढून एकदा जोरात हलवायचं. तेवढ्या वेळात एका मोठ्या बोलमध्ये एक मोठा चमचा मध, एक मोठा चमचा वितळलेलं बटर, अर्धा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मिरपूड. लिंबू वगळू नका, त्याच्याशिवाय नुसतं गोडगोड होतं आणि चार घास खाल्ले की कंटाळा येतो. बारा मिनिटं झाली की सुरी टोचायची, टोक सहज गेलं पाहिजे पण गाजर सुरीवरून घसरून पडता कामा नये. मग गाजरं बोलमध्ये ओतायची, ढवळायची, आणि चिमट्याने उचलून परत बास्केटमध्ये, तीन मिनिटं. ओतायची नाहीत हं, उचलायची. बोलच्या तळाशी जे पातळ राहतं ते बास्केटमध्ये गेलं की जाळीतून खाली ट्रेत पडणार, तिथे जळणार, आणि परत खिडकी उघडा. ते बोलमध्येच राहू द्या.

तीन मिनिटांनी ड्रॉवर उघडल्यावर जे दिसतं त्यासाठी मी ह्या मशीनला बरंच काही माफ करते. कडा तपकिरी, मधला भाग गडद केशरी, आणि वरचा पाक बुडबुड करत असतो, बारीक बारीक बुडबुडे, आणि दोन-चार सेकंदात ते बसतात आणि पाक काचेसारखा होतो. त्याच क्षणी गाजरं परत त्या बोलमध्ये टाकायची, उरलेलं ग्लेझ, म्हणजे ते मध-बटरचं मिश्रण, लागलं की चकाकी दुप्पट. वरून पांढरे तीळ. तीळ आधी टाकायचा शहाणपणा मी एकदा केलाय, पंख्याने ते उडून थेट कॉइलवर गेले आणि आत टप टप फटाके. सुकी हर्ब्ज पण तशीच उडतात, ती ग्लेझमध्ये भिजवून घाला म्हणजे चिकटून राहतात.

कढईत हे होत नाही का? होतं की. फ्रेंच लोक गाजरं पाणी, बटर आणि साखरेत झाकून शिजवतात आणि मग झाकण काढून पाणी आटवतात, ती चकाकी ह्याच्यापेक्षा सुंदर असते, खोटं कशाला बोलू. पण त्याला खरपूस कडा येत नाहीत आणि शेवटची पाच मिनिटं तिथून हलता येत नाही. मोठ्या ओव्हनमध्ये गाजरं छानच होतात पण तो तापायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतो, दोघा-तिघांच्या भाजीसाठी एवढं कोण करणार.

आता तक्रारी. पहिली म्हणजे डिस्प्लेवरची डिग्री आणि आतली डिग्री ह्यांचं एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही. माझ्याकडे ओव्हनचा थर्मामीटर होता, तो बास्केटमध्ये ठेवून १८० लावलं तर काटा १९५ च्या आसपास. त्यामुळे कुणाच्याही रेसिपीतले आकडे, माझे सुद्धा, पहिल्या वेळी दोन मिनिटं कमी धरून करा आणि आपल्या मशीनचा स्वभाव ओळखा.

दुसरी, ४ लिटर हा आकडा दिशाभूल करतो. ४ लिटर भाजी मावते, होत नाही. एका थरात जेवढी पसरतील तेवढीच नीट होतात आणि ते अर्धा किलोच. एकदा पाहुणे होते म्हणून मी किलोभर कोंबली, वरची करपायला आली आणि मधली अर्धीकच्ची, शेवटी दोनदा केलीच, म्हणजे वेळ तेवढाच गेला वर चिडचिड फुकट. चौघांच्या वर माणसं असतील तर मोठा किंवा दोन ड्रॉवरचा बघा.

तिसरी, साफसफाई, आणि इथे मी खरंच वैतागलेय. कंपनी म्हणते 'एका मिनिटात साफ'. हो, काही शिजवलंच नाही तर. मधाचा पाक जाळीच्या भोकाभोकांत जाऊन गार झाला की दगड होतो. त्यावर उपाय एकच, जेवायला बसायच्या आधी ड्रॉवरमध्ये कडकडीत गरम पाणी आणि दोन थेंब साबण घालून ठेवायचा, साखरच ती, जेवण होईपर्यंत आपोआप विरघळते. विसरलात तर रात्री टूथब्रश घेऊन बसा. तारेची घासणी अजिबात नको, कोटिंग जातं. आणि ते कॅनमधलं फवारायचं तेल पण नको, त्यातल्या लेसिथिन नावाच्या घटकाचा पिवळट चिकट थर बसतो जो निघता निघत नाही, मी पहिल्या महिन्यात ते वापरून एक कोपरा कायमचा बिघडवून ठेवलाय. भोकांचा पार्चमेंट पेपर मिळतो तो बरा पडतो, पण रिकामं मशीन तापवताना नुसता कागद आत ठेवू नका, उडून कॉइलला चिकटला की पेटू शकतो, वर भाजीचं वजन हवंच.

चौथी तक्रार बीप. पाच बीप, मोठ्ठे, बंद करायची सोय नाही. घरात कुणी झोपलं असेल तर मी दहा सेकंद आधीच ड्रॉवर ओढते.

बाकी भाज्यांचं थोडक्यात. रताळं अप्रतिम, पण मध निम्मा करा, ते स्वतःच गोड. लाल भोपळा लवकर मऊ पडतो, फोडी मोठ्या ठेवा आणि हलवताना धसमुसळेपणा नको. बीटला वीस मिनिटं तरी लागतात, पण मधाबरोबर लिंबाऐवजी थोडं व्हिनेगर घातलं तर गाजरापेक्षा भारी लागतं (नवऱ्याला पटत नाही, पण त्याला बीटच पटत नाही). ब्रसेल्स स्प्राउट्सची सुटी पानं उडतात आणि करपतात, मला ती करपलेली पानंच आवडतात. झुकिनीच्या वाटेला जाऊ नका, पाणीच पाणी. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि त्याला ही गाजरं कुस्करून भरवायचा विचार असेल तर मध नकोच, बॉट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा धोका असतो, शिजवल्याने सुद्धा तो जात नाही. बाळाची गाजरं ग्लेझच्या आधी बाजूला काढून ठेवा, मीठ पण नको.

घ्यावा का? दोघं-तिघं असाल, भाज्या खायच्या असतील पण उभं राहायचा कंटाळा असेल, तर घ्या. ओट्यावर जागा नसेल आणि प्रत्येक वेळी कपाटातून काढावा लागणार असेल तर नका घेऊ, नव्याचे नऊ दिवस होतील. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन, अर्धा तारा त्या पाच बीपसाठी आणि अख्खा एक त्या पुस्तिकेसाठी कापलाय. पुस्तिका मात्र टाकलेली नाही. गाजराच्या पानावर '१८ मिनिटं' खोडून बाजूला पेनाने 'मध शेवटी, ३ मि., ताईला विचार' असं लिहून ठेवलंय, कारण परवा लेक म्हणाली की पुढच्या रविवारी गाजरं ती करणार आहे आणि मी किचनमध्ये यायचं नाही.