चिमणीचा जुना पाइप काढायचा असेल तर: सहा इंची ॲल्युमिनियम फ्लेक्सिबल पाइप

हा नवा पाइप चांगला आहे. खरी कसोटी जुना काढताना लागते. सावजी रस्सा नेहमी होणाऱ्या नागपुरी स्वयंपाकघरात पाइपच्या घड्यांत तेल साचून डिंकासारखं होतं. मे महिन्याच्या उन्हात ते मऊ असतं, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकावं.

आधी प्लग काढा, गॅस शेगडीवर जुनी चादर टाका. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने होज क्लिप (पाइप आवळून धरणारी पट्टी) सैल करा, फॉइल टेप कटरने गोल कापा. सुटलेल्या तोंडाला लगेच पिशवी बांधा, नाहीतर काळं तेल थेट ओट्यावर.

भिंतीतलं टोक ओढू नका. ओढलं की फॉइल फाटतं आणि तारेची स्प्रिंग भोकातच राहते. तार ज्या दिशेने गुंडाळलेली आहे त्याच दिशेने पिळा. व्यास कमी होतो, पाइप सरकत बाहेर येतो. तरी अडकला तर बाहेरच्या जाळीभोवतीचं सिलिकॉन कापून तिकडून ढकला. तार कात्रीने तुटत नाही, कटिंग प्लायर लागतो. जाड हातमोजे हवेतच, टोक सुईसारखं घुसतं.

जुना पाइप कॉस्टिक सोड्याने धुऊन वाचवायचा विचार सोडा, सोडा ॲल्युमिनियमच खातो.

नवा पाइप पूर्ण ताणून बसवा, जादा लांबी कापा. ढिल्या घड्या ठेवल्या की ओढ कमी आणि तेल पुन्हा तिथेच. सोबत येणारी प्लॅस्टिकची पट्टी मात्र टाकाऊ; स्टीलची क्लिप वेगळी घ्या. पाचपैकी चार.