मेरिकची मालिका, हरीची कहाणी : ‘द ज्युएल इन द क्राउन’

ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील आपल्या राजवटीवर दूरचित्रवाणीसाठी जे काही केले, त्यात ग्रॅनाडा टेलिव्हिजनची ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही १४ भागांची मालिका मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि तिच्याशी माझे सर्वांत मोठे भांडणही आहे. १९८४ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ती ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर दाखवली गेली. पॉल स्कॉट यांनी १९६६ ते १९७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या चार कादंबऱ्या तिचा आधार आहेत. स्कॉट स्वतः दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात होते. १९७८ मध्ये ते वारले, त्यामुळे मालिका त्यांना पाहता आली नाही. पटकथा केन टेलर यांची असून दिग्दर्शन क्रिस्टोफर मोराहन आणि जिम ओब्रायन यांनी केले आहे. पुढे कथानकाचा तपशील येणार आहे, शेवटासकट. मालिकेविषयी प्रेक्षकांत जे वाद होतात, ते कथानक झाकून ठेवून मांडताच येत नाहीत.

कथा सुरू होते ती १९४२ मध्ये, मयापूर नावाच्या काल्पनिक गावात. हरी कुमार हा तरुण इंग्लंडमध्ये लहानाचा मोठा झालेला, चिलिंगबरो या उच्चभ्रू शाळेत शिकलेला. वडिलांचे दिवाळे निघते, ते मरण पावतात आणि हरीला मयापूरला आपल्या आत्याच्या, शालिनीच्या आश्रयाला यावे लागते. त्याला हिंदी येत नाही. इंग्रजी मात्र तो गावातल्या बहुतेक इंग्रजांपेक्षा चांगली बोलतो. तेथील रुग्णालयात काम करणारी डॅफ्नी मॅनर्स आणि तो एकमेकांच्या प्रेमात पडतात. ९ ऑगस्टच्या रात्री बिबीघरच्या बागेत ते दोघे एकत्र असताना काही गुंड त्यांच्यावर तुटून पडतात, हरीला बांधून ठेवतात आणि डॅफ्नीवर सामूहिक बलात्कार करतात. हरीचे नाव यात आले तर त्याची धडगत नाही हे ओळखून डॅफ्नी त्याच्याकडून वचन घेते की, त्या रात्री आपण भेटलोच नव्हतो. पोलीस अधीक्षक रॉनल्ड मेरिक हरीला आणि आणखी पाच तरुणांना पकडतो. डॅफ्नी कोणालाही ओळखायला ठाम नकार देते, खटला उभा राहू शकत नाही, आणि तरीही त्या सहा निरपराधांना भारत संरक्षण नियमांखाली डांबून ठेवले जाते. मुलीला जन्म देताना डॅफ्नी मरण पावते. हे सारे पहिल्या काही भागांतच आटोपते. उरलेली मालिका पंकोट या थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या लेटन या लष्करी कुटुंबाभोवती फिरते, आणि मेरिक तेथेही येऊन पोहोचतो.

येथेच प्रेक्षकांत पहिला वाद पेटतो. डॅफ्नीने घेतलेले वचन हे प्रेम होते की अविचार? तिने सत्य सांगितले असते तर हरी सुटला असता, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला हे म्हणणे पटत नाही. मेरिकच्या डोक्यात हरीचा गुन्हा चौकशीपूर्वीच सिद्ध झालेला होता. डॅफ्नीला त्याने लग्नाची मागणी घातली होती आणि तिने ती नाकारली होती. शिवाय हरीच्या बोलण्यातून त्याला स्वतःचे सामाजिक स्थान क्षणोक्षणी आठवत होते. मेरिक निम्न मध्यमवर्गीय घरातला. इंग्लंडमध्ये असता तर चिलिंगबरोच्या विद्यार्थ्याने त्याला दारात उभे केले नसते. हिंदुस्थानात मात्र केवळ कातडीच्या रंगामुळे तो त्याच विद्यार्थ्याला नागडे करून फटके मारू शकतो. डॅफ्नीचे सत्य या माणसाच्या हाती पडले असते तर त्याचाही त्याने पुरावाच केला असता. तिची खरी चूक, चूकच म्हणायची असेल तर, इतकीच की आपल्या मौनाची किंमत हरीला किती वर्षे मोजावी लागेल याचा अंदाज तिला आला नाही.

मालिकेचे मोठेपण या मेरिकमध्ये आहे. टिम पिगॉट-स्मिथ यांनी ही भूमिका ज्या पद्धतीने केली आहे, तिला तोड नाही. आवाज चढवलेला क्वचितच दिसतो. मान ताठ, शब्द मोजके, आणि समोरच्याचे दुखरे ठिकाण कोठे आहे ते शोधत राहणारी नजर. सरधोपट खलनायक रंगवणे सोपे होते. पण हा मेरिक शूर आहे: टेडी बिंगहॅम या सहकारी अधिकाऱ्याला पेटत्या जीपमधून बाहेर काढताना त्याचा चेहरा भाजतो आणि तो एक हात गमावतो. तो कष्टाळू आहे, कर्तव्याला चुकत नाही, आणि साम्राज्यावर त्याची जी श्रद्धा आहे ती त्याच्याहून वरच्या वर्गातल्या इंग्रजांची केव्हाच आटलेली आहे. ते त्याला आपल्यात घेत नाहीत, पण त्याच्याकडून कामे मात्र करून घेतात. राज्य टिकवायला जे करावे लागते ते मेरिक करतो आणि हात स्वच्छ राहतात ते इतरांचे. राजवटीचे हे अंतरंग इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी इंग्रजी मालिका मी पाहिलेली नाही. मेरिकचा स्वतःच्या आरोपांवर खरोखर विश्वास होता का, हा प्रश्न प्रेक्षक आजही विचारतात. माझे उत्तर असे की, होता. आणि म्हणूनच तो अधिक भयंकर आहे. हरीच्या घरासमोर डॅफ्नीची सायकल सापडते ती मेरिकनेच ठेवली होती, याविषयी मालिका फारशी शंका ठेवत नाही. पण आपण खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा पुरावा केवळ पक्का करत आहोत, असेच त्याला वाटत असले पाहिजे.

कंदीपतच्या तुरुंगातील प्रसंग हा या संपूर्ण कथेचा कणा आहे. वर्ष १९४४. गव्हर्नरांचा सहायक कॅप्टन नायजेल रोवन हरीची फेरचौकशी करायला येतो आणि डॅफ्नीच्या काकू, लेडी मॅनर्स, हरीला दिसणार नाही अशा जागी बसून सारे ऐकतात. प्रसंग जवळजवळ पूर्णपणे बोलण्याचा आहे. आर्ट मलिक यांचा हरी खुर्चीवर बसलेला, अंगाने खंगलेला, आणि तोंडातून मात्र तीच चिलिंगबरोची घोटीव इंग्रजी. त्या रात्री मेरिकने आपल्या शरीराशी काय केले आणि राज्यकर्ता व प्रजा यांच्यातले नाते तिरस्कार आणि भीती यांवरच कसे उभे आहे हे आपल्याला कसे ‘शिकवले’, ते तो आवाज न कापता सांगतो. रोवन सभ्य गृहस्थ आहे, आणि नेमके त्यामुळेच त्याला पुढचे ऐकवत नाही. हरीने वचन पाळले आहे. त्या रात्रीची खरी हकीकत सांगितली तर तो सुटेल हे दिसत असूनही तो ती सांगत नाही. कॅमेरा चेहऱ्यांवरून हलत नाही, संगीत नाही. हा प्रसंग संपल्यावर आपण एका प्रेमकथेचा नव्हे, एका दप्तरी गुन्ह्याचा तपास पाहत होतो हे लक्षात येते.

आणि यानंतर हरी जवळजवळ नाहीसा होतो. पुढे तो सुटतो, कोठेतरी गरीब वस्तीत शिकवण्या करून राहतो, असे आपल्याला कळते. गाय पेरॉन, म्हणजे चार्ल्स डान्स यांनी साकारलेला, चिलिंगबरोचाच माजी विद्यार्थी असलेला सैनिक, १९४७ मध्ये त्याच्या खोलीपर्यंत जातो, पण भेट होत नाही. प्रेक्षकांचे दोन तट पडतात ते या मुद्द्यावर. एक तट म्हणतो की, हे हेतुपूर्वक आहे: राजवटीने हरीला अदृश्य केले, म्हणून मालिकेतही तो अदृश्य होतो, शाळेतला जिवलग मित्र कॉलिन मयापूरच्या मैदानावर समोर येऊनही त्याला ओळखत नाही, तेव्हाच हे ठरून गेलेले असते. दुसरा तट म्हणतो की, ही पळवाट आहे. मी काही अंशी पहिल्या तटाचा आहे. हरीची रिकामी खोली दाखवणे योग्यच आहे. पण हा युक्तिवाद एका हरीपुरता चालतो. मालिकेतील प्रत्येक हिंदी माणसाला तो कसा लागू पडेल?

माझे भांडण आहे ते येथे. शालिनी आत्याचे पाहा. आपल्या भावाच्या मुलाला जिने सांभाळले, तिच्या घरात आपण फारसे जातच नाही. ती ठसठशीतपणे दिसते ती रेल्वेच्या फलाटावर, पांढऱ्या साडीत, मेरिकच्या पायाशी पडून विनवण्या करताना. प्रसंग विलक्षण आहे. गोऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावरचे संकोचलेले भाव अचूक टिपले आहेत. परंतु टिपले गेले ते त्यांचेच भाव. फलाटावरून ती बाई घरी गेली तेव्हा कोणाशी काय बोलली, हे मालिकेला जाणून घ्यावेसे वाटत नाही. काँग्रेसचे नेते मोहम्मद अली कासिम आणि आझाद हिंद फौजेत गेलेला त्यांचा मुलगा सईद यांच्यातील भेट ही दोन हिंदी माणसांमधील खरी वैचारिक झुंज आहे: कायद्याला आणि शपथेला मानणारा बाप, आणि शपथ मोडूनच देश मिळेल असे मानणारा मुलगा. झिया मोहिउद्दीन यांनी बापाची घुसमट उत्तम दाखवली आहे. पण ही भेटदेखील घडवून आणतो तो मेरिकच. १९८४ मध्येच सलमान रश्दी यांनी एका निबंधात असा आक्षेप घेतला होता की, येथे हिंदी माणसे स्वतःच्याच इतिहासात दुय्यम पात्रे होऊन बसतात, आणि गोऱ्या स्त्रीवरील बलात्कार हे साम्राज्याच्या अत्याचाराचे प्रतीक म्हणून निवडणेच चुकीचे आहे. यातला पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मान्य नाही, कारण मालिकेचा केंद्रबिंदू बलात्कार नसून त्याच्या नावाखाली सहा तरुणांचे जे केले गेले ते आहे.

मराठी प्रेक्षकाला ही उणीव अधिक जाणवेल. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव संमत झाला आणि ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली, गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि नेहरू, आझाद, पटेल आदींना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. कासिम यांना ज्या काल्पनिक प्रेमानगरच्या किल्ल्यात ठेवले जाते, तो पाहताना अहमदनगर आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांच्या आजोबांच्या पिढीने सातारा जिल्ह्यातले प्रतिसरकार पाहिले, त्यांच्यासाठी ९ ऑगस्ट हा लोकांनी काहीतरी करण्याचा दिवस आहे. मालिकेत तो बंगल्याच्या व्हरांड्यातून ऐकू येणारा दंगा आहे. मयापूरच्या जमावात एकालाही चेहरा नाही, नाव नाही. इंग्रजांच्या बाजूने कथा सांगण्याचा अधिकार मला मान्य आहे. पण त्या जमावातल्या एका तरी माणसाच्या मागे कॅमेरा दोन मिनिटे जायला हवा होता.

लेटन कुटुंबाच्या भागांना काही जण कंटाळवाणे म्हणतात, तेव्हा मला आश्चर्य वाटते. वृद्ध मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर हे पात्र केवळ याच भागांत आहे, आणि पेगी ॲशक्रॉफ्ट यांनी त्यासाठी मिळवलेला बाफ्टा पुरस्कार सर्वस्वी त्यांच्या हक्काचा होता. बार्बी सतत बोलते, लोकांना नकोशी होते, आपल्या देवाने आपल्याला सोडले की काय या शंकेने आतून पोखरली जाते. ती जिच्याकडे राहते त्या मेबल लेटनच्या मृत्यूनंतर मेबलची सावत्र सून मिल्ड्रेड बार्बीला घराबाहेर काढते, तेव्हा आपल्या ट्रंकेसाठी ती ज्या लाचारीने जागा मागत फिरते ते पाहवत नाही. मालिकेला जिच्यामुळे नाव मिळाले, ती राणी व्हिक्टोरिया आणि तिच्यापुढे नजराणे घेऊन उभे असलेले हिंदी लोक यांची तसबीर ती शेवटी मेरिकला देऊन टाकते. या दोघांची ती भेट मी पुनःपुन्हा पाहतो. दोघेही आपल्या लोकांत उपरे; एकीने त्यातून करुणा मिळवली, दुसऱ्याने द्वेष.

जेराल्डिन जेम्स यांची सेरा लेटन हा मालिकेचा सद्सद्विवेक आहे, तरी तिच्याविषयीची तक्रारही रास्त आहे: तिला सारे कळते, पण ती थांबवत काहीच नाही. बहीण सुझन मेरिकशी लग्न करते तेव्हाही नाही. ऑगस्ट १९४७ मधल्या रेल्वे प्रवासात दंगेखोर गाडी अडवतात आणि डब्यातल्या अहमद कासिमची, म्हणजे मोहम्मद अलींच्या दुसऱ्या मुलाची, मागणी करतात. बहिरी ससाणा उडवणारा, कोणत्याच पक्षात नसलेला हा तरुण शांतपणे दार उघडून बाहेर पडतो आणि दार मागे लावून घेतो. आत बसलेल्या इंग्रजांपैकी कोणीही त्याला हात धरून मागे ओढत नाही. फाळणीच्या जबाबदारीवर लिहिलेली कित्येक पाने या एका कृतीत सामावली आहेत. मेरिकचा मृत्यूही येथवर झालेला असतो, आणि तो घोड्यावरून पडून मेला असे जाहीर करून खरे कारण दडपले जाते. ज्याने आयुष्यभर इतरांवर खोटे रचले त्याच्या मरणावरही सरकार खोटेच रचते.

चित्रीकरणाचा बराचसा भाग उदयपूर, म्हैसूर, सिमला येथे झाला असून अंतर्गृहांतील दृश्ये मँचेस्टरमध्ये घेतली आहेत. हा सांधा क्वचितच जाणवतो. जॉर्ज फेंटन यांचे संगीत आणि अधूनमधून येणारे त्या काळचे कृष्णधवल वार्तापट यांचा उपयोग नेमका आहे: वार्तापटातील निवेदक उत्साहाने साम्राज्याची खुशाली सांगतो आणि पुढच्याच दृश्यात ती खुशाली उघडी पडते. जोहरा सेहगल यांची लेडी चॅटर्जी आणि सईद जाफरी यांचे मिरतचे नवाब या छोट्या भूमिका आहेत, पण त्यांच्या प्रवेशांत घरात कोणीतरी खरोखर राहते असे वाटते.

मालिका डीव्हीडी संचाच्या रूपात मिळते. चित्र जुन्या चौकोनी आकाराचे आहे आणि संवाद दाट आहेत, तेव्हा उपशीर्षके असतील तर अवश्य लावावीत. पहिला भाग इतरांच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा व संथ आहे. तो एकाच बैठकीत पाहावा, मध्ये सोडू नये, कारण मेरिक आणि हरी यांची पहिली गाठ त्यातच पडते आणि पुढचे सारे त्या गाठीवर अवलंबून आहे. कादंबऱ्या आधी वाचण्याची गरज नाही. शालिनी आत्याविषयी आणि मयापूरच्या लोकांविषयी अधिक जाणून घ्यायचे असेल तर मात्र मालिकेनंतर पहिल्या दोन कादंबऱ्या वाचाव्यात. पडद्यावर जागा न मिळालेले बरेच काही तेथे आहे.