निळं फूल हवंय: कॉर्नफ्लॉवर लावावं की गोकर्ण?

आधी नावाचा घोळ मिटवू. वाण्याकडे 'कॉर्नफ्लॉवर' मागितलंत तर मंचुरियनचा रस्सा दाट करणारी पांढरी पिठी हातात पडेल. मी म्हणतेय ते युरोपात राय नावाच्या धान्याच्या आणि गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारं निळं फूल. जुन्या इंग्रजी वापरात 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, कुठलंही धान्य. तणनाशकं आली आणि तिथल्या शेतांतून ते बरंचसं हटलं. आता बागांत मुद्दाम पेरतात.

आपल्याकडे ते एका थंडीचं रोप. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टोकायचं, थंडी सरता सरता फुलं घ्यायची, ऊन तापलं की खेळ संपला. रुजायला अंधार लागतो, म्हणून बी सेंटिमीटरभर मातीखाली हवं. सोटमूळ असल्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. पेराल तिथेच वाढू द्या. खताचा लाड तर अजिबात नको. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि दोन-अडीच फुटांची झाडं आडवी लोळतात. भरपूर ऊन, बेताची माती, सुकलेली फुलं वेळेवर खुडणं, एवढंच.

गोकर्णीला एवढंही लागत नाही. जूनमध्ये बी रात्रभर भिजवून लावा आणि चढायला जाळी द्या. कडधान्यांच्याच कुळातली असल्याने मुळांवरच्या गाठींमधून ती आपलं नत्र आपणच मिळवते, आणि वेल वर्षानुवर्षं टिकते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहत असाल तर माझं मत सरळ आहे: गोकर्ण लावा. पुणे-नाशिककडे बऱ्यापैकी थंडी पडते, तिथे कॉर्नफ्लॉवरचा हट्ट करायला हरकत नाही.

चहासाठी निळा रंग हवा असेल तर तुलनाच नको. गोकर्णीच्या चार-पाच पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी गर्द निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. मलेशियात याच फुलांनी भात निळा करतात. कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्या काही अर्ल ग्रे चहांत दिसतात खऱ्या, पण त्या शोभेला. चव जवळजवळ नाही. सॅलडवर, केकवर भुरभुरायला मात्र छान. त्याच्या अर्काने डोळे धुण्याची फ्रान्समध्ये जुनी रीत होती. घरी काढा करून डोळ्यात घालण्याचा उद्योग कृपया करू नका. गोकर्णीच्या बियाही खाऊ नयेत, त्या रेचक असतात.

फुलदाणीत पारडं उलटतं. गोकर्णीचं फूल दिवसाचं सोबती, देठही इवलासा. कॉर्नफ्लॉवर लांब देठासह कापून ठेवलं तर चार-पाच दिवस सहज टिकतं, आणि अंधारात उलटं टांगून वाळवलं तरी निळाई बरीचशी राहते. त्या निळाईची गंमत अशी की तिच्या मुळाशी सायनिडिन आहे, म्हणजे लाल गुलाबाला लाल करणारंच द्रव्य. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर यांनी हे 1913 च्या सुमारास दाखवलं. मग एक लाल आणि एक निळं का, याचा नीट उलगडा 2005 साली जपानी संशोधकांनी केला: कॉर्नफ्लॉवरमध्ये त्या रंगद्रव्याशी लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम गुंफलेलं असतं. काश्मीरच्या पाडर भागातल्या उत्तम नीलमाचा रंगही जवाहिरे याच फुलाच्या नावाने सांगतात.

फूल कुणाला भेट द्यायचं असेल, तर अर्थही पाहा. फ्रान्समध्ये 11 नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या दिवशी, लोक छातीवर 'ब्लूए', म्हणजे हेच फूल, लावतात. जखमी सैनिकांच्या मदतीतून ती प्रथा वाढली. एस्टोनियाचं ते राष्ट्रीय फूल. प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या राज्यात, राणी लुईझची आख्यायिका सांगतात: नेपोलियनच्या सैन्यापासून लपताना तिने शेतात मुलांना याच फुलांचे हार गुंफून गप्प बसवलं. पुढे तिचा मुलगा, जर्मन सम्राट (कैसर) विल्हेल्म पहिला, याचं ते आवडतं फूल झालं. ऑस्ट्रियात मात्र जपून. 1930 च्या दशकात बंदी आलेल्या नाझींनी ते ओळखखूण म्हणून वापरलं होतं, त्यामुळे कोटावर दिसलं की आजही भुवया उंचावतात.

गोकर्णीचा अर्थ आपल्या घरातलाच. तिचं दुसरं नाव अपराजिता, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, शमीपूजनाबरोबर अपराजितापूजनही असतं. देवघरासाठी रोज फूल हवं असेल तर कॉर्नफ्लॉवर तसंही कामाचं नाही. दोन-तीन महिने देईल आणि मग ताम्हण रिकामंच.

कॉर्नफ्लॉवर ठरलं तर पाकिटावर उंची वाचून घ्या: फुलदाणीसाठी उंच, कुंडीसाठी फूटभराचं बुटकं. गोकर्ण ठरली तर बी विकत आणू नका. हिवाळ्यात कुणाच्या तरी कुंपणावर वाळक्या शेंगा लोंबत असतात. विचारा आणि चार तोडून आणा.